प्रशिकचा कणा आणि माझी जीभ

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे गेल्यावर हसावं की माझी कीव करावी, हे तुम्हाला ठरवता येणार नाही. मला अजून ठरवता आलेलं नाही.

पस्तीस वर्षं बातमीदारी केली मी. मोठमोठ्या साहेबांच्या टेबलांवर मुठी आपटल्या. एका बिल्डरने धमकीचं पत्र पाठवलं, तर त्यातलं शुद्धलेखन लाल शाईने सुधारून त्यालाच परत पाठवलं. निवृत्त झालो, तरी गटारापासून पथदिव्यापर्यंत कुणाला सुखाने झोपू दिलेलं नाही. असा हा मनुष्य भर दुपारी, चारशे माणसांसमोर, माइकवरून, दुसऱ्याच्या नवरीला लग्नाचं वचन देऊन बसला.

थांबा, ओळीने सांगतो.

आमची सोसायटी मीरा रोडच्या पुढच्या स्टेशनाला, जेसल पार्कात. तळमजल्यावर वाघमारे राहतात. सुदाम वाघमारे मूळचे नांदेडकडचे, टपालखात्यातून निवृत्त. त्यांचा मुलगा प्रशिक, सव्वीस वर्षांचा, केबिन रोडवर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो. शांत, शिकलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि बोलताना अडखळतो. थोडाथोडका नाही. शब्द घशापर्यंत येतो आणि तिथेच ठाण मांडून बसतो.

'जेसल पार्क' हे शब्द त्याला इतके जड जातात की शेअर रिक्षात तो 'चौपाटी' सांगतो, पुढे जाऊन उतरतो आणि मागे चालत येतो. रोज! शाळेत हजेरी घेताना त्याचा 'हजर' बाहेर पडेपर्यंत मास्तर पुढच्या नावावर गेलेले असायचे. पोरगा बाकावर बसलेला आणि वहीत गैरहजर. हे सुदामरावांनी मला सांगितलं तेव्हा मी तिथल्या तिथे कागद ओढून शाळेविरुद्ध पत्र लिहायला घेतलं. बायकोने आठवण करून दिली की ती शाळा बंद होऊन सहा वर्षं झालीत. तरी दोन ओळी लिहून झाल्याच होत्या.

तर या प्रशिकचं लग्न ठरलं. मुलगी अस्मिता, कल्याणची, नर्स. तिने याला पसंत केलं, तेही बोलणं पुरतं ऐकून. आता बौद्ध पद्धतीच्या लग्नात काय असतं, तुम्हाला ठाऊक असेल. होम नाही, सप्तपदी नाही. बुद्धमूर्तीपुढे वधू-वर सगळ्यांच्या साक्षीने प्रतिज्ञा घेतात. बौद्धाचार्य एकेक ओळ सांगतात आणि नवऱ्या मुलाने ती स्वतःच्या तोंडाने म्हणायची. पाच प्रतिज्ञा. माइकवर.

घरात बैठक बसली. प्रशिकच्या मामांनी तोडगा काढला की बौद्धाचार्य म्हणतील, प्रशिकने नुसती मान हलवायची, माइक जरा लांब ठेवायचा, कुणाला कळतंय? सगळ्यांना पटलं. मीही तिथे होतो, शेजारी म्हणून. प्रशिकने मान वर केली. मग म्हणाला, "म... मान हलवून आ... आयुष्य गेलं. हे मला म्... म्हणायचंय."

खरं सांगतो, अंगावर काटा आला माझ्या. आणि काटा आला की मी मोहीम उघडतो. ती माझी जुनी सवय.

मोहिमेला पुरावा लागतो. तो तीनच दिवसांत मिळाला.

सकाळी दूध आणायला खाली उतरलो, तर पार्किंगमध्ये एका गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. प्रशिकचे. आणि गाडीखालून आवाज येतोय, स्वच्छ, सलग, झऱ्यासारखा: "अरे, एवढं घाबरायचं नसतं. कुणी काही करत नाही तुला. ये, हळूहळू ये. मी काय तुझ्यावर ओरडणार आहे का? जागा आहे इथे, ये बघू." एकदाही अडखळणं नाही! मी दुधाची पिशवी धरून पुतळ्यासारखा उभा. या मुलाच्या आत असा आवाज आहे? इतका गोड, इतका समजूतदार? फोनवर अस्मिताशी बोलत असणार, माझी खात्रीच पटली.

तेवढ्यात तो सरपटत बाहेर आला, उभा राहिला आणि मला पाहून म्हणाला, "का... का... का..."

"काका! हो रे, मीच," मी म्हणालो.

आणि माझ्या डोक्यात मथळा छापून तयार झाला. आडवा असताना बोलतो, उभा राहिला की अडतो. म्हणजे दोष जिभेचा नाही, दोष उभं राहण्याचा! मग मी त्याला नीट न्याहाळलं. खांदे कानांना लागलेले, मान पुढे, हनुवटी छातीत, पाठ धनुष्य. अशा नळीतून पाणी येणार नाही, शब्द कुठून येणार? सव्वीस वर्षांत एका शहाण्याच्याही हे लक्षात आलं नाही? मास्तर झोपले होते? डॉक्टर झोपले होते?

बातमी छापायची तर तज्ज्ञाचं म्हणणं हवं. मीरा रोडला वाणीदोषांवर उपचार करणारी एक मुलगी आहे, माझ्या लेकीच्या वयाची. तिच्याकडे गेलो आणि वही उघडून विचारलं, बसण्या-उभं राहण्याचा अडखळण्याशी संबंध आहे की नाही, हो की नाही एवढंच सांगा.

ती बिचारी नीट समजावून सांगत होती. खांदे वर ओढले, मान आखडली, की श्वास वरच्या वर अडतो, गळ्याचे स्नायू ताठतात. काहींना शरीर सैल सोडून बसल्याने बोलणं सोपं जातं, सगळ्यांना नाही. शब्द अडण्याच्या भीतीनेही अंग आखडतं, म्हणजे कधी आधी अंग, कधी आधी शब्द. मी थक्क होऊन ऐकत होतो. एक 'हजर' म्हणायला माणसाच्या शरीरात केवढी यंत्रणा हलावी लागते! बरगड्या, छातीखालचा पडदा, गळा, जीभ, ओठ, सगळ्यांनी एका क्षणी एकमेकांना हात द्यायचा. आपण दिवसभर बडबडतो ते चमत्कारच करत असतो म्हणायचं.

"पण काका," ती म्हणाली, "सगळ्यात जास्त फरक पडतो तो समोरचा..."

"आरसा!" मी म्हणालो. "बरोबर. आरशासमोर सराव."

"नाही, म्हणजे समोरचा..."

"कळलं, कळलं. मोठा. पूर्ण उंचीचा."

वही मिटली, आभार मानले, निघालो. तज्ज्ञाचं म्हणणं मिळालं होतं. आमच्या धंद्यात मथळ्यापुरतं मिळालं की उरलेलं वाक्य कोण ऐकत बसतं?

केबिन रोडवरून माझ्याएवढा आरसा घेतला. रिक्षावाला म्हणाला, "अंकल, ये खडा रहेगा तो आप कहाँ बैठेंगे?" मी आरसा आडवा मांडीवर घेतला आणि घरापर्यंत स्वतःच्या नाकपुड्या बघत आलो.

गच्चीवर शिबिर सुरू झालं. रोज सकाळी सात वाजता. प्रशिक आरशापुढे, मी त्याच्या पाठीशी. खांदे मागे, छाती पुढे, हनुवटी वर, गुडघे ताठ. बोल, पहिली प्रतिज्ञा! पोराचे डोळे मिटायचे, मानेची शीर तट्ट फुगायची आणि शब्द आणखी खोल बुडी मारायचा. मी म्हणायचो, पुरेसा ताठ नाहीस. आणखी ताठ.

नाही जमलं, तर म्हटलं आडवं होऊन बघू. पाहिलंच होतं की डोळ्यांनी! चटई अंथरली, त्याला झोपवलं, शेजारी मी वही घेऊन बसलो. आडवा होऊनही अडखळला. मला वाटलं, कोन चुकतोय. मग मानेखाली उशी. मग पायांखाली विटा. मग एक फळी टाकीला तिरकी लावून तिच्यावर तो, पाय वर, डोकं खाली. प्रत्येक शब्दाला मी मदतही करत होतो. त्याने 'स... स...' म्हटलं की मी 'सन्मान!' म्हणून पुढे ढकलायचो. वेळ वाचावा म्हणून.

चौथ्या मजल्यावरच्या मीनाबेन गच्चीवर पापड वाळत घालायला यायच्या. दोन दिवस त्यांनी मुकाट्याने पाहिलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, "भाईसाब, कमर का इलाज करते हो क्या? मेरे को भी सुला दो ना, घुटने से लेके सब गया है." मी म्हटलं, अहो, हे बोलण्यासाठी आहे. त्या फळीकडे, प्रशिककडे आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बोलता तो आप ही हो."

मी दुर्लक्ष केलं. संशोधकाच्या वाट्याला अवहेलना यायचीच.

तुम्ही म्हणाल, त्या मुलाने हे सोसलं कसं? मलाही आज नवल वाटतं. तो काही सांगायला तोंड उघडायचा, मी ते वाक्य पुरं करायचो, आणि मी पुरं केलेलं वाक्य त्याचं नसायचं. पण मोठ्या माणसाला तोडणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो हसायचा आणि पुन्हा फळीवर चढायचा.

लग्न चेण्याच्या एका लॉनवर होतं, घोडबंदर रोडला लागून. दुपारी साडेबारा. पांढऱ्या कपड्यांत वधू-वर, मागे शांत बुद्धमूर्ती, मेणबत्त्या, फुलं. सूत्रसंचालन मी मागून घेतलं होतं, कारण त्यामुळे माइक माझ्या ताब्यात आणि मी वराच्या पाठीशी. योजना ठरलेली होती. त्याचा खांदा खाली आला की मी पाठीला बोट लावायचं आणि त्याने ताठ व्हायचं. बायको पहिल्या रांगेत बसली होती. तिने डोळे मोठे करून खुणेने विचारलं की तुम्ही तिथे नक्की काय करताय. मी तिला हातानेच शांत राहायला सांगितलं.

वंदना झाली. बौद्धाचार्य कांबळे सर, भारदस्त आवाजाचा वयस्क माणूस, पहिली प्रतिज्ञा सांगू लागले. त्यांच्या आवाजाला आवाज जोडून प्रशिक म्हणाला. थोडं अडखळला, पण पोचला! माझी छाती लग्नघरच्या मंडपाएवढी फुगली. दुसरीही निघाली. मी बोट टोचलं, आणखी ताठ. तिसरीला खांदे कानांपर्यंत चढले. मी पुन्हा टोचलं.

चौथी प्रतिज्ञा. घराचा सगळा अधिकार पत्नीच्या हाती सोपवण्याची.

"घराचा सर्व अ... अ..." प्रशिक म्हणाला. आणि थांबलं सगळं.

मान आखडली, डोळे मिटले, ओठ हलेनात. लाउडस्पीकरमधून फक्त त्याचा अडलेला श्वास. मागे कुणीतरी खाकरलं. मामांनी मान खाली घातली. सुदामराव खुर्चीच्या टोकाला येऊन मुलाच्या जागी स्वतःचेच ओठ हलवू लागले. किती वेळ गेला असेल? घड्याळाने काही क्षणच. मला मात्र एक पंचवार्षिक योजना गेल्यासारखं वाटलं.

आता माझा धंदा लक्षात घ्या. पस्तीस वर्षं समोरचा थांबला की मी शब्द पुरवत आलो. "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय की..." हे वाक्य माझ्या रक्तात आहे. ते डोक्याला विचारत नाही. मी पुढे वाकलो, स्टँडवरचा माइक तोंडाशी ओढला आणि खणखणीत आवाजात, आख्ख्या चेण्याला ऐकू जाईल असं म्हणालो:

"...अधिकार माझ्या पत्नीच्या हाती सोपवीन!"

दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांच्याही लक्षात आलं आणि टाळ्या थांबल्या. अस्मिता मान वळवून माझ्याकडे बघू लागली. कांबळे सरांनी चष्मा कपाळावर चढवला, एकदा प्रशिककडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, "माफ करा, यात वर कोण?"

लॉन फुटला हसून. फक्त प्रशिक हसत नव्हता. त्याने वळून माइकवर तळहात ठेवला. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. राग नव्हता त्यात. थकवा होता. सव्वीस वर्षांचा.

मी घाबरून त्याच्या कानाशी लागलो आणि काय बोललो माहीत आहे? म्हणालो, "झोपतोस का? इथे गालिच्यावर? त्या दिवशी गाडीखाली आडवा होतास तेव्हा किती सुरेख बोलत होतास, मी ऐकलंय. अस्मिताशी फोनवर."

त्याने माइकवरचा तळहात तसाच ठेवला. मग सावकाश म्हणाला. मी पहिल्यांदा गप्प बसलो, तेही निव्वळ भीतीने.

"काका. तो फो... फोन नव्हता. गा... गाडीखाली मांजर होतं. पिल्लू. म... मांजर मध्ये बोलत नाही."

बस्स. एवढंच. पस्तीस वर्षांत माझी कुणी इतक्या कमी शब्दांत बातमी छापली नव्हती. मीरा रोडच्या त्या मुलीचं वाक्यही तिथेच, त्या व्यासपीठावर, पुरं झालं. समोरचा आरसा नव्हे. समोरचा माणूस.

प्रशिकने कांबळे सरांना नमस्कार केला, अस्मिताला काहीतरी सांगितलं आणि दोघं गालिच्यावर मांडी घालून बसली. त्याने हात गुडघ्यांवर सैल सोडले. खांदे खाली आले. मी टोचून नव्हे, त्याच्या मर्जीने आले. माइकचा स्टँड इतका खाली येईना, म्हणून माइक धरायला मी गुडघ्यांवर बसलो, कंबरेत वाकून, हात लांब करून. माझ्या मणक्याची काय अवस्था झाली ते मीनाबेनना विचारा, त्यांनी नंतर शेक सुचवला.

आणि प्रशिक बोलू लागला. पहिल्यापासून. पाचही.

तुम्हाला वाटेल, आता तो झरझर बोलला असेल. छे. जवळजवळ प्रत्येक ओळीत अडला. 'सन्मान'ला अडला, 'अपमान'ला अडला. पण आता अडल्यावर तो शब्दाशी झटत नव्हता. हात तसेच सैल. शब्द दारात थांबलाय, येईल, अशा भरवशाने बसून राहायचा. आणि शब्द यायचा! 'अधिकार'पाशी तर इतका थांबला की बाहेरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकचा गिअर बदललेला सगळ्यांनी ऐकला. अस्मिताने मान डोलावली नाही, ओठ हलवले नाहीत, नुसती बघत राहिली, जगात दुसरं कुठे जायचंच नाही असं. सुदामरावांचे ओठ पुन्हा हलायला लागले, तसा त्यांनी स्वतःचा हात स्वतःच्या तोंडावर दाबून धरला. बापाला किती कठीण गेलं असेल ते! आणि चारशे माणसं, ज्यांतली निम्मी फोनवर असतात, श्वास धरून एका माणसाच्या एका शब्दाची वाट बघत होती.

मोठमोठी भाषणं ऐकलीत मी. मैदानं गाजवणारे वक्ते जवळून पाहिलेत. शपथ घेतो, एकाही शब्दाला एवढी किंमत आलेली मी कधी पाहिली नाही. त्या माणसाने प्रत्येक अक्षर उचलून आणलं होतं. 'सोपवीन' म्हणाला तेव्हा ते खरोखर सोपवल्यासारखं वाटलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

त्यानंतर अस्मिताने प्रतिज्ञा म्हटल्या, हार घातले गेले, जयभीमचा घोष झाला. मला उठवायला दोन माणसं लागली.

जेवणाच्या पंगतीत मी कोपरा धरला होता, बायकोच्या आडोशाला. नवी जोडी फिरत फिरत नेमकी तिथेच आली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर अस्मितानेच आधी विचारलं, अगदी गंभीर चेहऱ्याने. ही पोरगी पुढे प्रशिकला भारी पडणार आहे, लिहून ठेवा.

"काका, चौथी प्रतिज्ञा दोघांनी घेतलीय. व्हिडिओत आहे. मग घराच्या चाव्या मी कुणाकडून घ्यायच्या? यांच्याकडून की तुमच्याकडून?"

आजूबाजूचे जेवायचे थांबले. मामासुद्धा वळले. मग प्रशिकने हात वर केला. त्याला काहीतरी सांगायचं होतं.

"का... काकांनी त्यांच्या चा... चाव्या..." तो म्हणाला आणि अडला.

त्याच्या डोळ्यांत हसू होतं. अडला होता खरा, पण घाई नव्हती. आणि त्या थांबण्याने काय झालं सांगू? सगळी पंगत त्याच्या तोंडाकडे बघू लागली. असा विराम कसलेल्या नटालाही साधत नाही. पहिल्या शब्दालाच मला कळलं होतं की हे वाक्य कुठे जाऊन पडणार आहे. जीभ टाळ्याला लागली होती माझी. शेवट तयार होता. पण मी दात घट्ट मिटून बसलो. जन्मात पहिल्यांदा, भीतीने नव्हे तर आपखुशीने, कुणाचं तरी वाक्य मी त्याचं त्याला पुरं करू दिलं.

"...का... काकूंना द्यायच्या."

पंगत हसून लोळली. बायकोने जिलेबी खाली ठेवली, हात पुसला आणि तळवा माझ्यापुढे पसरला.

आमच्या घराच्या चाव्या, कपाटाच्या, बँकेच्या लॉकरची, सगळा जुडगा आता तिच्या कमरेला असतो. चारशे साक्षीदार आहेत, तक्रार कुणाकडे करणार? मध्येच बोललो असतो, तर घर वाचलं असतं.